यादीत नसलेला बंडखोर

ऑर्विल टीग मत देत नसे, आणि हे व्रत असल्यासारखं सांगत असे. त्याची हयात नळदुरुस्तीत गेली होती. वरून कितीही स्वच्छ ओतलं तरी खालून काय बाहेर पडतं, हे ज्याने पाहिलं आहे त्याला निवडणुकांचं कौतुक कसं वाटावं, असा त्याचा युक्तिवाद होता.

पण १९७७ साली घरपट्टीने त्याला राजकारणात ओढलं. शेजारचं घर एका दंतवैद्याने वाटेल त्या किमतीला घेतलं, आणि काउंटीच्या मूल्यमापकाने ठरवलं की ऑर्विलचं घरही तितक्याच मोलाचं. निवृत्तिवेतन होतं तेवढंच राहिलं. पट्टी दुप्पट झाली. आणखी एक वर्ष असंच गेलं असतं तर घर विकून फ्रेस्नोला मुलीच्या चाकांवरच्या ट्रेलर-घरामागे बिऱ्हाड थाटावं लागलं असतं.

"श्रीमंत झालंय ते घर, मी नाही," तो म्हणे. "तर मग पट्टीही त्यालाच भरू दे."

अशात घरपट्टीला कमाल मर्यादा घालण्याचा प्रस्ताव निघाला. पुरेशा मतदारांच्या सह्या मिळाल्या की तो आमदारांना विचारल्यावाचून थेट मतपत्रिकेवर जाणार होता. ऑर्विलने बायकोचं इस्त्रीचं टेबल उचललं, सुपरमार्केटच्या दारात मांडलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवू लागला. उभ्याने सही करायला त्या टेबलाची उंची अगदी बेतशीर; कॅलिफोर्नियातली बरीचशी लोकशाही अशाच टेबलांवर उभी आहे.

बायकोने, लूएलाने, सही केली नाही. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती, आणि तिचा पगार याच पट्टीतून येई.

"तुझं घर वाचवायला माझी नोकरी घालवू?"

"घर तुझंही आहे, लू."

"नोकरी मात्र माझ्या एकटीची आहे. इस्त्रीचं टेबलही."

शरद सरता सरता ऑर्विल सह्यांचा गठ्ठा घेऊन काउंटीच्या कचेरीत गेला. खिडकीमागच्या मिसेस प्रुइट यांनी आधी गोळा करणाऱ्याचं नाव तपासलं. नियमाप्रमाणे तोही नोंदलेला मतदार असावा लागे.

"मिस्टर टीग, यादीत तुम्ही नाही."

"मी याच गावात जन्मलोय."

"जन्माची यादी पलीकडच्या खोलीत असते. इथे मतदारांची. मत न देणाऱ्यांची नावं आम्ही काढतो. तुम्हाला तसं कार्ड पाठवलं होतं."

"सरकारची पाकिटं मी फोडत नाही."

"कार्डाला पाकीट नसतं, मिस्टर टीग."

सगळ्या सह्या बाद झाल्या. मुदत पुढच्या शुक्रवारी संपत होती. ऑर्विलने तिथल्या तिथे, दात ओठ खात, मतदार म्हणून नाव नोंदवलं आणि तो पुन्हा सुपरमार्केटच्या दारात उभा राहिला. पण ती बातमी त्याच्याआधीच तिथे पोहोचली होती.

"काय रे, या खेपेला तरी तू अस्तित्वात आहेस ना?" न्हाव्याने विचारलं, आणि मागचे तिघे सही न करताच हसत निघून गेले.

संध्याकाळी तो जेवायला बसला, पण त्याने काटा उचलला नाही. लूएलाने आपलं ताट बाजूला सारलं. ती एकही निवडणूक चुकवत नसे.

"कोरे कागद दे," ती म्हणाली. "चर्चच्या दारात मी उभी राहते. मत मात्र विरोधातच देणार."

"मग सह्या कशाला गोळा करतेस?"

"घर जायचं तर लोकांनी विचार करून घालवावं. तू मत द्यायचा आळस केलास, म्हणून नको."

रविवारी ती प्रत्येकाला बजावत होती, "नीट वाच. हे पास झालं तर माझं स्वयंपाकघर बंद होईल." लोकांना हे इतकं विलक्षण वाटलं की त्यांनी रांग लावली. लहानपणी तिच्या हातचं जेवलेले बाप्ये मान खाली घालून सही करत आणि "सॉरी, मिसेस टीग," असं पुटपुटत. गुरुवारपर्यंत बाद झालेल्यांहून जास्त सह्या जमल्या.

पुढच्या वर्षी जूनमध्ये ती दोघं एकाच पिकअपमधून मत द्यायला गेली. मतदान कुणाच्या तरी गॅरेजमध्ये होतं. पेट्रोल जाळून एकमेकांचं मत खोडायला गेलेलं जोडपं म्हणून गाव त्यांना हसलं. प्रस्ताव दणक्यात मंजूर झाला. घर राहिलं. सप्टेंबरात लूएलाची जागा गेली.

मग तिने घरचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पण तिच्या हाताला शाळेचंच माप माहीत होतं; दोघांपुरतं शिजवणं तिला जमेना. सोमवारी चढलेलं मॅकरोनीचं पातेलं शुक्रवारी कसंबसं तळाला जाई. ऑर्विल रोज ते मुकाट्याने खाई, आणि तिने विचारण्याआधीच आणखी वाढून घेई.