मोडलेल्या रिंगा

फेब्रुवारीची दहा तारीख. रक्कम अठ्ठावन्न हजार दोनशे: बाराशे किलो सळई, साडेअठ्ठेचाळीस रुपये किलोनं. हजर मी, बायको, साळा आणि ठेकेदार. जागा अमरावतीतल्या आमच्या अर्ध्या बांधलेल्या घरापुढची.

सळई साळ्यानं अकोल्याहून आणली होती. अमरावतीत भाव सत्तावन्न. म्हणजे त्यानं माझे दहा हजार दोनशे वाचवले होते, आणि ते सगळ्या गल्लीला ऐकवलंही होतं. चार दिवसांनी स्लॅब टाकायचा होता.

ठेकेदाराच्या माणसांनी सळईच्या चौकोनी रिंगा बीमसाठी वाकवायला घेतल्या. पहिल्या दहांपैकी दोन कोपऱ्यात तडकल्या, एक टचकन मोडली.

“दोनचार मोडतातच, साहेब,” ठेकेदार म्हणाला. “माल कडक हाय.”

“म्हणूनच नको. काम थांबवा.”

साळा हसला. “भाऊजी, जिंदगीभर बँकेत नोटा मोजल्या तुमी. आता लोखंडाची परीक्षा घेऊन राहिले?”

घेत होतोच. मी वाणिज्य शाखेचा, पण घराला हात घालण्याआधी वर्षभर वाचत होतो. आपल्याकडे चहापासून फौजदारापर्यंत जे कडक ते चांगलं. धातूचं तसं नाही. कडकपणा म्हणजे ओरखडा किंवा खड्डा सहज न पडणं. ताकद म्हणजे किती भार पेलतो. चिवटपणा म्हणजे मोडण्याआधी किती सोसतो. चांगली सळई लालभडक असताना पाण्याच्या फवाऱ्यातून काढतात. साल कडक होते, गाभा सावकाश निवून मऊ राहतो. भार फार झाला की अशी सळई आधी ताणली जाते, स्लॅबला भेगा दिसतात, माणसं बाहेर पळतात. ठिसूळ सळई आधी काही सांगत नाही. आमच्या सळईत कार्बन जास्त होता की आणखी काही, मला ठाऊक नाही. मोडली, एवढं पुरे होतं.

“माया भावाचा चार लोकांत पाणउतारा करून राहिले तुमी,” बायको म्हणाली.

“या स्लॅबखाली तू झोपणार आहेस. भावाचा मान सांभाळू की तुझं डोकं?”

तिनं मोडकी रिंग उचलली, उलटसुलट पाहिली आणि भावाच्या हातात दिली. “जाय, बाबू. यायच्यासंगं अकोल्याले जाय.”

दुसऱ्या दिवशी टेम्पोत माल भरून आम्ही दोघं अकोल्याच्या दुकानात.

“भंगाराच्या भावानं घेतो,” दुकानदार म्हणाला. “जोर लावून वाकवल्यावर कोनतंही लोखंड मोडते.”

“बरं. मग मी इथंच बसतो. येईल त्या गिऱ्हाइकासमोर एक सळई वाकवतो.”

दोन गिऱ्हाइकं चहा पिता पिता थांबली. मी पहिली सळई वाकवली. ती नीट वाकली. दुकानदार गालात हसला.

साळा पुढं आला. “सरका, भाऊजी. दुसरी मी वाकवतो.”

दुसरी मोडली. तो तिसरीला हात घालणार, तेवढ्यात दुकानदारानं गल्ला उघडला.

अठ्ठावन्न हजार दोनशे साळ्याच्या हातात पडले, पावती त्याच्या नावाची होती. त्यानं ते मोजून मला दिले. टेम्पोचं भाडं, तीन हजार दोनशे, त्यानं स्वतःच्या खिशातून टेम्पोवाल्याला दिलं. मी नको म्हणालो नाही. परत येऊन अमरावतीच्या दुकानात दहा रिंगा वाकवून घेतल्या, एकही तडकली नाही, आणि मगच त्या दुकानदाराला अडुसष्ट हजार चारशे दिले.