सिल्कची इस्त्री

आमच्या घरी दोन इस्त्र्या होत्या. मोठी वाफेची, ती सगळ्यांची: बाबांचे शर्ट, माझा शाळेचा गणवेश, उशांचे अभ्रे. दुसरी लहान, हलकी, टोकदार, तळाला एकही भोक नसलेली. ती फक्त आईची. आई पांढुर्ण्यात घरीच साड्यांना फॉल-पिको करून देते. ती लहान इस्त्री सिल्कशिवाय कशावर फिरायची नाही. काम झालं की निवायची, मग जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मशीनच्या खणात जायची.

"हिले हात लावजो नको," एवढंच आई सांगायची, आणि मी कधी लावला नव्हता.

इस्त्री तापली की आई ती पहिल्यांदा एका पांढऱ्या चिंधीवर फिरवते. "आधी आपल्या चिंधीवर, मंग लोकाच्या लुगड्यावर." इतक्या वर्षांत तिच्याकडून एक साडी खराब झाल्याचं मला आठवत नाही. सौंसर तिचं माहेर. तिथल्या बायकासुद्धा साड्या तिच्याकडेच पाठवतात.

मी नागपूरला इंजिनिअरिंग करते. कॉलेजात विमानांची मॉडेलं बनवणारा एक गट आहे, त्यात मी आहे. मी तिथं फारसं बोलत नाही, म्हणून माझ्याकडे हाताची कामं येतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पंखांवर फिल्म चढवायचं काम आलं. अगदी हलक्या लाकडाचा सांगाडा असतो, त्यावर पातळ रंगीत प्लॅस्टिक चढवायचं. त्याच्या एका बाजूला गोंद असतो. मंद आचेवर ते चिकटतं, आच वाढवली की आकसून ढोलासारखं ताणलं जातं, आणि त्याहून वाढली की भोक पडतं. फिल्मचा रंग शेंदरी होता, आभाळात लांबून दिसावा म्हणून. दोन पंख चादरीत गुंडाळून मी रेल्वेनं घरी आणले. डब्यात एका बाईनं विचारलं, "पतंग होय का वो?" मी हो म्हटलं.

या कामासाठी वेगळी इस्त्री मिळते. दोन दिवस मी फोनवर तेच पाहत बसले. गोलसर टोक, न चिकटणारा तळ, डिग्री नेमकी ठरवता येईल असं बटण. शिवाय वरून चढवायचा कापडी मोजा, म्हणजे फिल्मचा रंग तळाला लागत नाही. मोज्याबद्दल मी वाचलं होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

एक पसंतही केली. पण पार्सल पांढुर्ण्याला यायला आठ दिवस दाखवत होतं आणि सुट्टीचे पाचच उरले होते. मोठी इस्त्री एका तुकड्यावर फिरवून पाहिली, तर वाफेच्या भोकांचे गोल ठसे उमटले. गटातल्या सीनियरचा मेसेज आला, इस्त्रीचं काय झालं? मी इंग्रजीत उत्तर दिलं की लोकली अरेंज केली आहे. आईची फॉल-पिकोची इस्त्री, हे लिहायला बोट धजलं नाही.

आईला विचारलं असतं तर ती बहुतेक हो म्हणाली असती. पण मग ती शेजारी उभी राहिली असती, दहा प्रश्न विचारले असते, आणि शेवटी तिनंच पंख हातात घेतला असता. तिला ते माझ्यापेक्षा चांगलं जमलं असतं, हेही मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आई लोधीखेड्याला बारशाला गेली. मी खण उघडला.

ती इस्त्री त्या कामासाठीच बनवलेली वाटावी अशी फिरली. टोक कोपऱ्यांत शिरत होतं, फिल्म सुरकुती न पडता बसत होती. जिथं एका तुकड्यावर दुसरा चढवायचा तिथं मात्र गोंद वितळून रंगासकट तळाला यायचा. मी नेलपॉलिश रिमूव्हरनं तळ पुसला, उजेडात धरून पाहिला, चकचकीत होता. लुगड्याच्या तुकड्याची घडी जशी होती तशीच घातली. आई परतली तेव्हा पंख माझ्या खोलीत कपाटावर होते.

सकाळी तिनं सौंसरच्या एका बाईची साडी काढली. त्या बाई शाळेत शिकवायच्या, त्यांच्या मुलीचा साखरपुडा दोन दिवसांवर होता. मोतिया रंगाची सिल्क, शेंदरी काठ. आईनं चिंधीवर इस्त्री फिरवली. चिंधी स्वच्छ राहिली. मग ती साडीवर वळली. मी चहा पीत समोरच बसले होते.

"अगं बाई," आई म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता.

पदरावर, काठापासून चार बोटांवर, नखाएवढा शेंदरी डाग होता. टोकाच्या वरच्या कडेच्या फटीत राहिलेला गोंद, चिंधीनंतर आच पूर्ण चढल्यावर, सुटला होता. मला हे एका क्षणात कळलं. आईनं काठाकडे पाहिलं, मग बाजूच्या पाण्याच्या वाटीकडे.

"काठाचा रंग सुटला वं. पाणी जास्त शिंपडलं मी."

मी म्हटलं, "असेल."

त्या एका शब्दाची मला अजून लाज वाटते. रंग सुटला म्हटलं की कोणीच काही केलेलं नसतं. आईनं मात्र पुढचं वाक्य स्वतःवर घेतलं होतं, आणि मी ते तिच्याजवळच राहू दिलं.

दुपारी त्या बाई साडी न्यायला आल्या. तोवर आईनं डागावर जरीची एक बुट्टी भरली होती, इतकी बेमालूम की दाखवल्याशिवाय दिसली नसती. आईनं ती दाखवली.

"माह्या हातून झालं, ताई. शिलाई नका देऊ."

"अवो, तुमच्या हातून?" त्या हसल्या. "मी तं सगळ्याईले सांगतो, डोळे मिटून देऊन या म्हणून."

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. आईच्या मानेवर मात्र तांबूस चट्टे आले. मी दारात उभी राहून पाहिलं आणि आत गेले.

विमान उडालं. पंखांचं फिनिशिंग पाहून सीनियरनं विचारलं, कोणती इस्त्री वापरली? मी खांदे उडवले. पुढच्या विमानासाठी मी ती मोज्याची इस्त्री मागवली.

डिसेंबरात फोनवर आई बोलता बोलता म्हणाली, "सिल्क बंद केलं आता. सावरगावच्या बाईकडे धाडून देतो."

"का?"

"हाताचा भरोसा नाही राहिला ना. चिंधीवर पाहून बी डाग पडला. चिंधीवर पाहून!"

क्लास आहे म्हणून मी फोन ठेवला. संक्रांतीला घरी गेले, नवी इस्त्री बॅगेत घेऊन. आई तिळाचे लाडू वळत होती. मी इस्त्री तिच्यासमोर ठेवली. सांगायची वाक्यं गाडीत इंग्रजीत तयार केली होती, ती सगळी विसरले.

"आई, तो रंग काठाचा नव्हता. मी तुझ्या इस्त्रीनं पंख केले होते."

आईनं हात धुतले. खणातून लहान इस्त्री काढली, केसातली पिन काढून टोकाच्या वरच्या कडेतून फिरवली. पिनेवर शेंदरी कण आला. तिनं तो बोटांत चुरडला, वास घेतला.

"गोंद होय हा."

"हो."

"तुले तवाच मालूम होतं?"

"हो."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती खाली बसली. "मी माहेरी गेली तं त्या साडीवाल्या बाईच्या गल्लीतून नाही जात. मागून फिरून जातो. भाऊ हासते मले." मग म्हणाली, "अन् डोळे तपासून आली छिंदवाड्याले. डॉक्टर म्हणे काहीच नाही."

मी नवी इस्त्री तिच्याकडे सरकवली. "ही तू ठेव."

"मले कायले? माही चांगली हाय." तिनं नवीकडे पाहिलंही नाही. पिन पुन्हा कडेत घातली. "फोन लाव त्याईले."

"तू बोलशील?"

"मी कायले बोलू? म्या केलं का?"

नंबर तिच्या वहीत होता. मला अनोळखी माणसांशी फोनवर बोलता येत नाही, हे आईला माहीत आहे. लहानपणी गॅस सिलिंडरसाठी फोन करायला मला सांगितलं तरी शेवटी तीच करायची. ती कडेचा गोंद खरवडत राहिली, वर न बघता. रिंग बराच वेळ वाजली.

"हॅलो? कोन बोलून राहिलं?"

"मी पांढुर्ण्याच्या फॉल-पिकोवाल्या ताईंची मुलगी," मी म्हटलं. पिनेचा आवाज थांबला. "तुमच्या साडीवरचा डाग आईनं नाही पाडला. मी पाडला."