लेडीज सायकल, सुटा दांडा आणि ‘बिलकुल बराबर’

मंडळी, दुपार झाली तरी राग उतरला न्हाई, म्हणून लिहून राह्यले.

लेडीज सायकलला मधला आडवा दांडा नसतो, त्यामुळं ती कारच्या मागच्या रॅकला टांगता येत न्हाई. त्यासाठी सीट आणि हँडलच्या मधे लावायचा सुटा दांडा मिळतो. काल तो जुन्या जालन्यातल्या एका सायकलच्या दुकानातून घेतला, दुकानदारानं स्वतः माझ्या सायकलला बसवला. म्हणाला, “ताई, बिलकुल बराबर बसला. बिनघोर जा.”

आज सकाळी सायकल कारमागं टांगून नवरा अन् मी हसनाबादकडं निघालो. खड्ड्यात कार आदळली, दांडा हँडलकडून सुटला आणि सायकल रस्त्यावर पडली. मागून मोटारसायकलवर एक जोडपं येत होतं, बाईच्या कुशीत तान्हं बाळ. त्या माणसानं गाडी कडेच्या मातीत घातली म्हणून तिघं वाचले. मी माफी मागत होते, ती बाई नुसती बाळाचं अंग चाचपत होती.

तसेच दुकानात परत आलो. दुकानदार माझ्याकडं न बघता नवऱ्याला म्हणाला, “भाऊ, मॅडमनी हात लावला असंल.”

“न्हाई लावला,” मीच बोलले. “आता परत बसवा.”

त्यानं गिऱ्हाइकांसमोर बसवला. मी एका हातानं ओढला, तर निघून आला! टोकाचा खटका लागतच न्हाई.

“कंपनीचा माल है, मी काय करू?”

मंग बाकीचे तसलेच दांडे अजून दुकानात कशाला टांगलेत? ते काही त्यानं उतरवले न्हाईत.

तुमच्याकडं असा दांडा असंल तर आधी जोरात ओढून बघा, वरून पट्टा बांधा. आणि सांगा, त्या बाळाला काही झालं असतं, तर यानं कुणाकडं बोट दाखवलं असतं?