फणसाची चौकट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो, नाहीतर मध्येच चहा अंगावर सांडेल. एका खिडकीपायी मी सख्ख्या बहिणीचं लग्न मोडायला निघालो होतो. होय, खिडकीपायी!

घर नवीन बांधलेलं, चिऱ्यांचं. ओटीवरच्या खिडकीची चौकट तेवढी बसायची राहिली होती. आणि शेवंतीला, माझ्या धाकट्या बहिणीला, बघायला नांदगावची मंडळी यायची होती.

तेवढ्यात माझा मेहुणा वसंत मुंबईहून आला, तो बगलेत चौकट घेऊनच. पांढरीशुभ्र. प्लास्टिकची! त्याच्या कारखान्यात नमुना म्हणून केलेली.

"भावोजी, हेका वाळवी लागाची नाय. फडको मारलो की झाला!"

"अरे, कंगवो प्लास्टिकचो ठीक आसा. घराक काय कंगवो लावतंत?"

वडिलांनी लावलेल्या फणसाच्या फळ्या मी माळ्यावर सुकवून ठेवल्या होत्या. सुताराने त्यांची अशी पिवळीधमक चौकट बसवली की बघत राहावं. पण बायको भावाच्या बाजूची! म्हणाली, "आणि वाळवी लागली तर?"

झोंबलं ना मला ते! पाहुणे यायच्या आदल्या दिवशी हाताला खोबरेल चोपडून मी चौकटीवर काजूच्या टरफलांचं तेल फासलं. होडीला फासतात तेच. वाळवी जवळ येत नाही, पण ओलं असताना कातडीला लागलं तर फोड येतात. दुसऱ्या दिवशी चौकट नुसती चकाकत होती.

"सुकलां मां ता?" बायकोने विचारलं.

"कडकडीत!" मी बोट न लावताच सांगितलं.

पाहुणे आले. मुलगी पसंत पडली. पोहे खाऊन झाले. गप्प बसावं की नाही मी? पण मुलाच्या बापाची नजर खिडकीकडे गेली.

"फणस काय ओ?"

"हात लावन बघा!"

त्यांनी लावला. मुलाने लावला. मुलाच्या काकाने तर दोन्ही हात फिरवले. मग मी माझा गाल घासून दाखवला. "लोणी आसा, लोणी!" वसंत तेवढा रुसून गोठ्यापाशी आपल्या प्लास्टिकला घेऊन बसला होता.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. "तुमच्या घरात कसलो तरी रोग आसा. आमचे सगळ्यांचे हात फोडांनी भरले. सोयरीक नको."

शेवंती चुलीपाशी जाऊन फुंकर घालत बसली. चुलीत विस्तवच नव्हता.

माझ्याच्याने बघवेना. उपरण्याने तोंड गुंडाळलं, एसटी धरली, नांदगाव गाठलं. त्यांच्या दारात उपरणं सोडून म्हटलं, "आमच्या घरात रोगबिग काय नाय ओ!"

माझा गाल पिकल्या फणसासारखा फुगलेला, एक डोळा बंद. कोण विश्वास ठेवणार? आतून कडी लावल्याचा आवाज आला.

शेवटी वसंत गेला. त्या चौकटीला बोट न लावलेला घरात तो एकटाच पुरुष! आपले स्वच्छ हात दाखवून त्याने तेलाची सगळी हकीकत सांगितली. मुलाचा बाप म्हणे इतका हसला की सुजलेल्या हातातली कपबशी हिंदकळली. लग्न ठरलं. एकच अट घातली त्यांनी.

"हुंडो नको. पण वऱ्हाड येवच्या आदी ती प्लास्टिकची चौकट बसवा!"

बसवली. काय करतो?

फणसाची चौकट परसात कोंबड्यांच्या खुराड्याला लावली. अजून आहे. वाळवीने तिला एकदाही तोंड लावलेलं नाही. वाळवीच ती, माझ्यासारखी थोडीच आहे गाल लावून बघायला!