नमुना क्रमांक सतरा

बदनापूरच्या रजनीचा राग चेहऱ्यावर दिसत नाही, म्हणून तिला जास्त भ्यावं. आम्ही एकाच प्रयोगशाळेत होतो, तरी मलाही ती उशिराच कळली.

पीएचडीसाठी तीन वर्षं ती चुनखडीच्या नमुन्यांचे भिंगाखाली फोटो काढत होती. तेल साठवणाऱ्या या खडकातल्या छिद्रांचा आकार मोजायचा आणि खडक किती दबेल ते संगणकावर काढायचं. छिद्रं तेवढीच, पण चपटी असली की खडक मऊ. गोल असली की ताठ. प्रोग्रॅम बरोबर मोजतो का हे बघायला तिने एकदा दिवाळीचा अनारसाच भिंगाखाली धरला. आई उषाबाईंच्या हातचा, छान जाळीचा. तो फोटो सतरा नंबरने फाइलमध्ये राहून गेला.

फाइल तपासायला म्हणून गाइड गिरिधर सरांनी नेली आणि लेख एकट्याच्या नावावर छापला. आयत्या बिळावर नागोबा! रजनी जाब विचारायला गेली तर म्हणाले, "भोकं मोजणाऱ्यांची नावं छापत नसतात."

तिने घरी लेख वाचला. सतरा नंबर सगळ्यांत ताठ खडक ठरला होता. वरची खसखस म्हणजे प्राचीन समुद्रातले गोल कण.

"मंग, सांगितलं का त्याला?" उषाबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"बिलकुल सांगू नको. येळ आली की मला सांग, ताजे तळून देते."

आठ महिने रजनी गप्प बसली. जालन्याच्या परिषदेत सरांनी सतरा नंबर पडद्यावर दाखवला, तेव्हा ती उठली.

"सर, हा नमुना तुम्ही स्वतः पाहिलात?"

"हातात घेऊन. दोन हजार मीटर खोलीवरचा आहे."

रजनीने पिशवीतून डबा काढला, टेबलावर अनारसा ठेवला आणि दोन बोटांनी मोडला. मग भिंगाखाली धरण्याआधी मोबाइलवर काढलेला त्या अनारशाचा फोटो अध्यक्षांपुढे धरला, ताटलीसकट. सभागृह हसत सुटलं. मला मनापासून आनंद झाला, उगाच खोटं कशाला बोलू?

"घ्या ना सर," रजनी म्हणाली. "भोकं मोजूनच तळलेत."

उरलेले सोळा खडक घेऊन ती दुसऱ्या गाइडकडे गेली. महिन्याभरात लेख मागे घेतल्याची सूचना छापून आली. लेखावर रजनीचं नाव नाही म्हणून मी किती हळहळले होते! सूचनेतही नाव एकच होतं, गिरिधर सरांचं.