पाटीला लागलेला दुसरा हात
जवळा भाजायला घेतला की अजूनही मला सारसोळे कोळीवाड्यातली ती कोळीणबाई आठवते. एमएला असताना समाजशास्त्राच्या मॅडमनी मला तिथे, लोक जोडीदार कसा निवडतात याचं सर्वेक्षण करायला पाठवलं होतं. माणूस बहुधा जवळपासचा आणि आपल्यासारखाच जोडीदार बघतो, असं त्यांनी वर्गात शिकवलं होतं. फॉर्मवर रूप, शिक्षण, कमाई, शेजार असे पर्याय होते. बाई उन्हात जवळा पसरत होती. हाच नवरा का निवडला, असं विचारल्यावर वर न बघताच म्हणाली, “भरलेली पाटी डोक्यावरनं एकटीला उतरवाला नाय जमत. नाक्यावर पोरं बसलेली असायची, पन उठायचा यो एकलाच. मंग यालाच केला.” नवरा त्याच आळीतला, म्हणून मी ‘शेजार’पुढे खूण केली आणि बाजूला तिचं बोलणं लिहून ठेवलं. फॉर्म तपासताना मॅडम तिथेच थांबल्या. “अगं, नाक्यावर बसलेले तर सगळेच शेजारी होते,” त्या म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांची स्वतःची प्रश्नावली पुढे ओढून तिच्याखाली हाताने एक ओळ लिहिली: त्यांनी तुमच्यासाठी काय केलं? एका मासळीवालीकडून शिकताना त्यांना जराही कमीपणा वाटला नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं. एमए संपता संपता घरी मला बघायला मंडळी येऊ लागली. त्यातला ऐरोलीहून आलेला एकजण, आई पाण्याचा ट्रे घेऊन येताना दिसताच उठला आणि त्याने ट्रे हातात घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याचा बायोडेटा मी अजून पूर्ण वाचलेला नाही.