टिकलीखालचा दिवा

हे मी आजवर घरात कोणाले बोललो नाही. बायकोले नाही, देवापुढंही नाही — देवापुढं उभा राह्यलो की मी दुसरंच काहीतरी मागून येतो. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमाले सांगून पाहतो. मोताळ्यात माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. लोक मले सरळ माणूस म्हणतात.

गाडी जुनी होती, पण लाडकी. दसऱ्याच्या आधी तिच्या डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागायले लागला. हँडब्रेक सोडलेला, तरी दिवा लागलेलाच. मले माहीत होतं बरं — ब्रेक ऑइल कमी झालं की तो लागते. बोनेट उघडून डबीत पाह्यलं असतं तं दिसलं असतं. गॅरेजही दुकानासमोरच. मंग काऊन गेलो नाही? सीझन होता म्हणू? रोज दुपारी तं मी पानठेल्यावर गप्पा हाणत होतो. आळस. दुसरं काही नाही.

बायको बाजूले बसली की तिचं सुरू — "अहो, हा दिवा काऊन लागून राह्यला?" एक दिवस वैतागलो अन् तिच्याच पाकिटातली मोठी, मरून रंगाची टिकली काढून त्या दिव्यावर चिकटवली. बरोब्बर बसली. माझं मलेच हसू आलं. तिले सांगितलं, गॅरेजवाल्यानं दिवा ठीक करून देला.

दसऱ्याले गाडी धुतली, हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. मायनं बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, स्टेअरिंगले बोट लावलं. आमच्या घरचा जुना जोक आहे — "झाली गाडीची सर्व्हिसिंग, आता वर्षभर पाहणं नाही." तोच मी मारला. सगळे हसले, माझा धाकटा भाऊ दिनेश सगळ्यात जास्त. लिंबावरून गाडी त्यानंच काढली. टिकली त्याले दिसलीच असेल. पूजेची समजला असेल.

दिवाळीच्या आधी मायले डोळे दाखवायचे होते, बुलडाण्याले. मी दुकान सोडायचा कंटाळा केला अन् चाबी दिनेशले दिली. देताना तोंडापर्यंत आलं होतं की — नाही, आता खोटं कशाले बोलू? काहीच आलं नव्हतं. मी तो दिवा विसरूनच गेलो होतो.

येताना राजूर घाटात ब्रेक लागेना. त्यानं गाडी दरीकडून ओढली अन् डोंगराच्या अंगाले घातली. त्याले खरचटलं. मायचा खुबा मोडला.

मी पोहोचलो तेव्हा मायले दवाखान्यात नेलं होतं. दिनेश रस्त्याच्या कडेले बसला होता, लोक जमले होते. कागदपत्रं काढतो म्हणून मी गाडीत वाकलो, नखानं टिकली खरडली अन् खिशात टाकली. एवढंच केलं? नाही. एवढंच असतं तं कदाचित सांगितलंही असतं कोणाले.

दिनेश उठून आला. "दादा, ब्रेकच नाही लागला. पाय पार खाली गेला."

मी सगळ्या लोकायसमोर म्हणालो, "न्यूट्रल करून उतरवली असशील. मोटरसायकलची सवय तुले."

आता आमच्याकडं घाट उतरताना कोण न्यूट्रल करत नाही? पेट्रोल वाचते म्हणतात. गिअरमध्ये ठेवली की इंजिनच गाडी आवरून धरते, नुसत्या ब्रेकवर उतरवली की ब्रेक तापून जातात — सगळ्यायले माहीत, तरी सगळेच करतात. म्हणून ते लगेच खरं वाटलं. लोकायनं माना हलवल्या. दिनेश माझ्याकडं पाहत राह्यला. मंग म्हणे, "असेल. सवयीनं टाकली असेल."

माय वर्षभर खाटेवर होती. येईल त्याले सांगे, "आमच्या दिन्याले लय घाई." तो तिच्या पायाशी बसून ऐके. तिचं हगणं-मुतणं त्यानंच काढलं. ती गेली तेही हेच मनात धरून गेली. अन् मी? मी रडलोही नाही. दात काढायच्या आधी जबडा बधिर करतात ना, तसं झालं होतं. अजूनही तसंच आहे.

आता माझी पोरगी नवी गाडी शिकून राह्यली. शिकवते दिनेशच. तो स्वतः चालवत नाही आता, बाजूले बसते. आधी तिले बोनेट उघडायले लावते, ब्रेक ऑइलची डबी दाखवते, चाकाची हवा पाहायले सांगते. घाटाचं निघालं की म्हणते, "उतारावर गिअर काढायचा नाही, बाळा. मी काढला होता, तुझ्या आजीले घेऊन." आठवत असल्यासारखं सांगते.

परवा पोरीनं डॅशबोर्डकडं बोट केलं. "काका, तेव्हा हा दिवा नव्हता लागला का?"

"नाही ना पोरी," दिनेश म्हणाला. "दिवा दिसला असता तं मी मायले गाडीत बसवलंच नसतं."

मी तिथंच उभा होतो, हातात फडकं होतं. मी आरसा पुसत राह्यलो.